नव्याण्णव वेळा अंधार, एकदा उजेड

पालकाची चार पाने घ्या. खलबत्त्यात ठेचा, त्यावर औषधाच्या दुकानात मिळणारे सर्जिकल स्पिरिट ओता आणि फडक्यातून गाळून घ्या. (स्पिरिट पेट घेते, म्हणून हा उद्योग शेगडीपासून लांब.) हिरवागार अर्क मिळेल. आता खोलीतले दिवे घालवा आणि नोटा तपासायला दुकानदार जो जांभळा दिवा वापरतात, तो या अर्कावर धरा. हिरवा रंग गायब! बाटलीतला द्रव लालभडक चमकू लागतो.

हा लाल आला कुठून? दिव्यात लाल नाही, पानात लाल नाही. झाले ते असे: हरितद्रव्याच्या रेणूने जांभळा प्रकाश गिळला, त्यातली थोडी ऊर्जा उष्णतेत घालवली आणि उरलेली लाल प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकली. या चमकण्याला फ्लोरेसन्स, मराठीत अनुस्फुरण म्हणतात. हळदीचा अर्क केलात तर तो हिरवट पिवळा चमकेल. हिवतापावरच्या क्विनाइनचे पाणी निळे चमकते. त्याच निळाईचा पाठलाग करताना जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली या प्रकाराला नाव दिले.

आता खोलीतून शिवारात चला. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती' नावाचे रब्बी ज्वारीचे वाण दिले आहे. त्याचे हिरवेगार रान भर दुपारी डोळ्यांपुढे आणा. ते रानही याच वेळी लाल चमकत असते, अगदी प्रत्येक पान! पानाने पकडलेल्या प्रकाशातला एखाद-दोन टक्के भाग असा लाल होऊन परत जातो. उन्हाच्या झळाळीत तो आपल्याला दिसत नाही, एवढेच.

म्हणजे पानात शिरलेल्या प्रकाशापुढे तीन वाटा असतात. त्याने साखर बनवण्याच्या कामाला लागावे, उष्णता होऊन वाया जावे, किंवा लाल होऊन परत फिरावे. आणि हा निर्णय व्हायला वेळ किती लागतो? प्रकाश आत गेल्यापासून लाल बाहेर पडेपर्यंत पानाने तो किती काळ धरून ठेवलेला असतो?

उत्तर आहे: जोमाने काम करणाऱ्या पानात एका नॅनोसेकंदापेक्षाही कमी. साधारण ०.३ ते ०.५ नॅनोसेकंद.

नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, हे वाचून डोक्यात काहीच उभे राहत नाही, माझ्याही नाही. म्हणून उलटा हिशेब करू. एका सेकंदात जितके नॅनोसेकंद असतात, तितके सेकंद मोजायला बसलात तर जवळजवळ ३२ वर्षे जातील. पिकोसेकंद त्याच्याही हजारपट लहान. प्रकाशापेक्षा वेगाने काहीच जात नाही. देवगिरी एक्स्प्रेसला परभणीहून मुंबई गाठायला रात्र लागते, प्रकाशाला दोन मिलिसेकंदही लागत नाहीत. हा असला प्रकाश एका नॅनोसेकंदात जेमतेम ३० सेंटीमीटर जातो, शाळेतल्या फूटपट्टीइतका. पिकोसेकंदात ०.३ मिलिमीटर.

मग प्रश्न असा, की इतक्या लहान घटनेला घड्याळ लावायचे कसे? कोणाच्या हातात इतक्या चपळाईने बटण दाबायची ताकद आहे?

पहिले प्रयत्न यांत्रिक होते आणि मोठे कल्पक होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसमध्ये एडमंड बेकरेल यांनी भोके पाडलेल्या दोन तबकड्या एकाच दांड्यावर बसवल्या. एका तबकडीच्या भोकातून पदार्थावर उजेड पडायचा. तबकड्या जराशा फिरल्या की उजेड बंद, आणि दुसरीच्या भोकातून डोळ्याला तो पदार्थ दिसायचा. तबकड्या जितक्या जोरात फिरवाव्या तितका मधला वेळ लहान. या गिरकीने ते सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाच्या आसपास पोहोचले. पण हरितद्रव्याचा खेळ तर त्याच्या लाखपट आधीच संपलेला असतो! १९२६ च्या सुमारास बर्लिनमध्ये एन्रिके गाव्हिओला या अर्जेंटिनाच्या संशोधकाने फिरत्या तबकड्यांऐवजी विजेच्या तालावर उघडझाप करणारी प्रकाशाची झडप वापरली आणि पहिल्यांदा नॅनोसेकंदांच्या मुलखात पाऊल टाकले.

आता ती युक्ती, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. ऐकताना ती वेडगळ वाटते.

आपली सहज बुद्धी सांगते की घटना फार लवकर संपत असेल तर प्रकाश भरपूर हवा. मोठा झोत टाका, भरपूर चमक मिळवा आणि ती कशी विझते ते झटपट नोंदवा. या युक्तीत नेमके उलटे करतात. प्रकाश कमी करतात. आणखी कमी करतात. इतका कमी, की लेझरची चमक शंभर वेळा मारली तरी त्यातल्या नव्याण्णव वेळा समोरच्या, प्रकाश टिपणाऱ्या नळीला काहीच दिसू नये. शंभरात एखाद्या वेळी एक, फक्त एक, प्रकाशकण पोहोचावा.

प्रकाश कणाकणाने येतो, हे आइनस्टाइन यांनी १९०५ साली सांगितले. त्या कणाला फोटॉन हे नाव रूढ झाले १९२६ नंतर. एरवी हे कण इतके अगणित असतात की कणपणा जाणवतच नाही. साधा १ मिलिवॉटचा लाल लेझर सेकंदाला सुमारे ३० लाख अब्ज फोटॉन ओकतो. आणि आपल्याला हवा आहे एक!

पण एका फोटॉनवरून रेणूचे आयुष्य, म्हणजे त्याने प्रकाश धरून ठेवण्याचा काळ, कसे कळणार? एक रेणू एकदाच चमकतो. तो २ नॅनोसेकंदांनी चमकला की ९ नॅनोसेकंदांनी, हा निव्वळ योगायोग. खरे आहे. इथे निसर्गाचा एक विलक्षण नियम मदतीला येतो: उत्तेजित रेणूला आठवण नसते. प्रकाश गिळून ५ नॅनोसेकंद झालेला रेणू आत्ताच गिळलेल्या रेणूपेक्षा जराही 'म्हातारा' नसतो. पुढच्या क्षणी चमकण्याची शक्यता दोघांची अगदी सारखी. रेडियमचे अणू याच नियमाने फुटतात. म्हणूनच लाखो रेणूंना एकदम चमकवून ती चमक मंदावताना पाहिली काय, किंवा लाखो वेळा चमक मारून दर खेपेला एखाद्याच फोटॉनची वेळ टिपली काय, शेवटी हाती लागणारा आलेख एकच! घाईने एकदा बघण्याऐवजी निवांतपणे एक कोटी वेळा बघायचे. पहिल्यांदा हे कळल्यावर मी बराच वेळ कागदावर रेघोट्या ओढून स्वतःला पटवत बसलो होतो.

बरे, एक फोटॉन टिपायचाच आहे तर शंभरात नव्याण्णव चमका फुकट कशाला घालवायच्या? दर चमकेला पाच-पन्नास फोटॉन येऊ देत, त्यातला पहिला टिपू, काम शंभरपट लवकर संपेल. नाही का?

नाही. शाळा सुटल्याची घंटा झाली आहे अशी कल्पना करा. फाटकावरचा शिपाई दर घंटेमागे फक्त पहिल्या मुलाची वेळ लिहितो आणि वही मिटतो. वर्षभराने ती वही वाचणाऱ्याला काय वाटेल? की या शाळेतली यच्चयावत पोरे घंटा होताच पहिल्या सेकंदात पळत सुटतात. दप्तर आवरत बसणारी, नळावर पाणी पिणारी, मैत्रिणीची वाट बघणारी मुले वहीत कधी येणारच नाहीत. आता फाटकाकडची वाट अशी अडवा, की शंभर घंटांपैकी नव्याण्णव घंटांना कोणीच बाहेर पडू नये आणि शंभराव्या खेपेला कोणीतरी एकच निसटावे. ते एक पळणारे असेल किंवा रेंगाळणारे, दोघांना संधी सारखी. वही आता खरे बोलू लागेल.

प्रयोगशाळेत या शिपायाच्या चुकीला 'पाइल-अप' म्हणतात. चमकांच्या एक टक्क्याइतकेच फोटॉन मोजले, तर मोजलेल्या २०० फोटॉनांमागे जेमतेम एकाच्या आड दुसरा फोटॉन दडलेला असतो. तेवढी गफलत चालते. पाच टक्क्यांच्या वर गेलात तर आलेख वाकू लागतो आणि रेणूचे आयुष्य खोटेच कमी भासते. उजेड वाढवला की मोजमाप बिघडते. अशी किती यंत्रे तुम्ही पाहिली आहेत?

आता तो एकटा फोटॉन पकडायचा कसा ते पाहू. यासाठीच्या काचेच्या निर्वात नळीला फोटोमल्टिप्लायर म्हणतात. तिच्या तोंडाशी सीझियम, पोटॅशियम, अँटिमनी अशा धातूंचा पातळ लेप असतो. फोटॉन त्यावर आदळला की, नशीब असेल तर, एक इलेक्ट्रॉन उडतो. चांगल्या नळीतही चारातला एखादाच फोटॉन हे करून दाखवतो. एक इलेक्ट्रॉन म्हणजे मोजायच्या लायकीचे काहीच नाही. पण नळीत ओळीने धातूची पाती असतात आणि त्यांच्यावर मिळून हजारभर व्होल्ट दाब असतो. हा इलेक्ट्रॉन पहिल्या पात्यावर आपटून चार इलेक्ट्रॉन उडवतो, ते दुसऱ्यावर सोळा, तिसऱ्यावर चौसष्ट. अशी दहा पाती झाली की? चाराचा दहावा घात, म्हणजे १० लाखांहून जास्त इलेक्ट्रॉन! एका फोटॉनची टिचकी आता तारेतून जाणारा विजेचा ठसठशीत ठोका झाली आहे.

ही नळी फार मानी. दाब चालू असताना चुकून दिवसाचा उजेड तिच्यावर पडला तर ती कायमची बिघडू शकते. म्हणून सगळा खेळ काळ्या पेटीत, काळ्या पडद्यांत, फटींना काळी टेप लावून चालतो. शिवाय नुसत्या उष्णतेनेही लेपावरून अधूनमधून इलेक्ट्रॉन सुटतो आणि प्रकाश नसतानाच ठोका पडतो. परभणीच्या मे महिन्यात अशा नळीला अंधारातही काजवे दिसू लागतील. त्यामुळे तिला शून्याखाली थंड ठेवतात. आणखी नेटक्या कामासाठी पात्यांऐवजी काचेची चकती वापरतात. तिला काही मायक्रॉन रुंदीची लक्षावधी सूक्ष्म छिद्रे असतात आणि प्रत्येक छिद्रात हीच इलेक्ट्रॉनांची वाढ होते.

राहिले घड्याळ. आणि घड्याळ म्हणून निवडले काय, तर कपॅसिटर! छतावरच्या पंख्यात असतो, जो गेला की पंखा नुसता घुं घुं करतो, त्याच जातीचा, फक्त फार छोटा. त्यात वीज एकसारख्या गतीने भरत गेली तर त्यावरचा दाब वेळेच्या प्रमाणात वाढतो. सुरुवातीच्या ठोक्याला, म्हणजे लेझर चमकताच, भरायला लागायचे, शेवटच्या ठोक्याला, म्हणजे फोटॉन आला की, थांबायचे आणि दाब मोजायचा. समजा ५० नॅनोसेकंदांत १० व्होल्ट भरतात. मग १ नॅनोसेकंद म्हणजे ०.२ व्होल्ट, आणि ५ पिकोसेकंद म्हणजे १ मिलिव्होल्ट. मिलिव्होल्ट मोजायला काही दिव्य करावे लागत नाही. पकडता न येणारा काळ असा निमूटपणे व्होल्टमध्ये बदलून टेबलावर येतो.

ही कल्पना मुळात प्रकाशासाठी नव्हतीच. इटलीतून अमेरिकेत गेलेले ब्रूनो रोसी अवकाशातून येणाऱ्या म्यूऑन या कणांच्या मागे होते. हे कण सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतात. ते मोजायला रोसी आणि नॉरिस नेरेसन यांनी १९४२ च्या सुमारास असे वेळेचे दाबात रूपांतर करणारे मंडल जोडले. पुढे १९६१ साली अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेत लोवेल बोलिंजर आणि जॉर्ज थॉमस यांना एक वेगळी अडचण होती. किरणोत्सर्ग ओळखण्यासाठी वापरतात ते स्फटिक कसे चमकतात आणि विझतात हे त्यांना पाहायचे होते. त्यांनी चमक मुद्दाम अंधूक करून एकेक फोटॉनची वेळ टिपली. रसायनशास्त्रज्ञांनी ही पद्धत उचलली आणि आज जगभर ती टीसीएसपीसी या आद्याक्षरांनी ओळखली जाते. गंमत पाहा, अवकाशातल्या कणांसाठी आणि किरणोत्सर्गासाठी बनलेले अवजार, आणि त्याची मोठी कारकीर्द घडली ती पाने, प्रथिने आणि रंगद्रव्यांत.

दोन खाचाखोचा सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पहिली: नळीतून येणारे ठोके सगळे एकाच उंचीचे नसतात, कधी दांडगे तर कधी मरतुकडे. ठरावीक उंची गाठल्यावर 'आला' म्हणायचे ठरवले, तर दांडगा ठोका ती आधी गाठतो, मरतुकडा उशिरा, आणि घड्याळ फसते. त्यावर तोड अशी, की प्रत्येक ठोक्याने स्वतःच्याच उंचीचा ठरावीक हिस्सा गाठला की त्या क्षणी नोंद करायची. लहान असो वा मोठा, क्षण तोच. यामुळे ठोका स्वतः नॅनोसेकंदभर रुंद असला तरी तो आला कधी, हे काही पिकोसेकंदांपर्यंत कळते!

दुसरी खोच त्याहून लबाड. लेझर सेकंदाला लाखो वेळा चमकतो. दर चमकेला घड्याळ सुरू करावे, तर नव्याण्णव वेळा थांबवायला कोणी येतच नाही आणि ते उगाच भरत आणि रिकामे होत बसते. मग काय करतात? घड्याळ उलटे चालवतात. फोटॉनने सुरू करायचे आणि लेझरच्या पुढच्या ठोक्याने थांबवायचे! लेझरचा ताल ठाऊक असतो, तेव्हा वजाबाकी केली की झाले. जो क्वचित येतो त्याच्या हातात सुरुवात दिली. पूर्वी या सगळ्यासाठी कपाटभर खोकी लागत. आता संगणकात खोचायच्या एका कार्डावर किंवा छोट्या पेटीत मावते. अशी यंत्रे बनवणाऱ्या जगातल्या दोन नामांकित कंपन्या, बेकर अँड हिकल आणि पिकोक्वान्ट, एकाच शहरातल्या, बर्लिनमधल्या आहेत. गाव्हिओला जिथे काम करत होते त्याच गावातल्या.

हे आपल्याकडे चालते का? चालते, आणि उत्तम चालते. मुंबईत कुलाब्याच्या टोकाला समुद्राकाठी टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. होमी भाभा यांनी १९४५ साली स्थापलेली. तिथल्या रसायनशास्त्र विभागात एन. पेरियासामी, जी. कृष्णमूर्ती आदींनी ही विद्या वर्षानुवर्षे जोपासली. त्यांच्या मांडणीतला लेझर सुमारे १ पिकोसेकंदाच्या चमका सेकंदाला ४० लाख वेळा मारायचा. एक टक्का म्हणजे सेकंदाला ४० हजार फोटॉन. चार-पाच मिनिटांत एक कोटी वेळा टिपून झाले! संगणकाच्या पडद्यावर आडव्या रेषेवर वेळ असते. प्रत्येक फोटॉन आपापल्या वेळेच्या घरात एक ठिपका वाढवतो. सुरुवातीला नुसता विस्कटलेला पसारा दिसतो, मग त्यातून एक कडा वर येते आणि उजवीकडे उतरत जाणारा गुळगुळीत उतार तयार होतो. तो उतार म्हणजेच रेणूचे आयुष्य.

पण यंत्र स्वतः किती सुस्त आहे हे आधी कळायला हवे. त्यासाठी चमक न साठवता लगेच प्रकाश उधळणारे काहीतरी समोर ठेवून बघतात. आणि हे काहीतरी काय असावे? टाटा संस्थेतल्या शोधनिबंधांत सरळ लिहिलेले सापडते: दूध नसलेल्या कॉफी व्हाइटनरची पूड पाण्यात विरळ कालवून. कोट्यवधींचा लेझर, थंड केलेली नळी, आणि त्यांची परीक्षा घेणार कोण, तर कॉफीत टाकायची पांढरी पूड! या परीक्षेत यंत्राची सुस्ती ४० पिकोसेकंदांच्या आसपास भरली.

तिथे उत्तर शोधलेला एक प्रश्न मला फार आवडतो. मातीतल्या एका जिवाणूजवळ बार्नेज नावाचे प्रथिन असते, जे आरएनएचे धागे चिरते. हे हत्यार जिवाणूच्या स्वतःच्याच पोटात चालले तर तो मरेल. त्यामुळे त्याला अडवून धरणारे दुसरे प्रथिन तो बाळगतो, बारस्टार. ८९ अमिनो आम्लांची लहानशी माळ, नीट घडी घातलेली. ही घडी मोडते कशी? एका झटक्यात, की थोडी थोडी?

बारस्टारमध्ये ट्रिप्टोफॅन नावाचे अमिनो आम्ल आहे, ते अतिनील प्रकाशात चमकते. माळेवर दुसरीकडे एक असा रेणू चिकटवायचा, जो ट्रिप्टोफॅनची ऊर्जा हिसकावतो. जवळ असेल तर फार लवकर हिसकावतो, लांब असेल तर सावकाश. अंतर दुप्पट झाले की हिसकावण्याची गती चौसष्ट पटींनी घटते. म्हणजे ट्रिप्टोफॅन किती नॅनोसेकंदांत विझला यावरून ती दोन टोके किती नॅनोमीटरवर आहेत हे कळते. घड्याळाने अंतर मोजायचे! कृष्णमूर्ती आणि बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातले जयंत उदगावकर यांच्या गटांनी २००१ साली या मार्गाने दाखवले, की बारस्टारची घडी एका झटक्यात सुटत नाही, ती अंशाअंशाने सैल होते. उदगावकर पुढे पुण्याच्या आयसरचे संचालक झाले. डोळ्यांना कधीच न दिसणारी ही हालचाल नव्याण्णव टक्के अंधारातून वाचलेली आहे, हे विसरू नका.

आता ज्वारीच्या पानाकडे पुन्हा वळू, कारण तिथला हिशेब अर्धा राहिला होता. स्पिरिटात मोकळे पडलेले हरितद्रव्य लाल चमकायला ५-६ नॅनोसेकंद घेते. तेच द्रव्य जिवंत पानात ०.३ ते ०.५. इतका फरक का? कारण मोकळ्या रेणूला दुसरे काम नाही. जिवंत पानात त्याची ऊर्जा शेजारच्या, मग त्याच्या शेजारच्या रेणूकडे उड्या मारत साखरेच्या कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचते आणि कामाला लागते. दार उघडे असेल तर प्रकाश पटकन आत ओढला जातो आणि चमकण्याचे आयुष्य तोकडे. कामाचा ढीग साचून दार बंद झाले तर आयुष्य लांबते, दीड-दोन नॅनोसेकंदांपर्यंत.

आणि भर दुपारी? मुळांना पाणी कमी, पानाची रंध्रे मिटलेली, वरून मराठवाड्याचे ऊन. आलेला सगळा प्रकाश आत घेतला तर पानाची यंत्रणा जळेल. तेव्हा पान दुसरी, उष्णतेची वाट उघडते. त्यातली पिवळी रंगद्रव्ये काही मिनिटांत आपला अवतार बदलतात आणि जादा ऊर्जा उष्णता म्हणून फेकायला मदत करतात. आयुष्य पुन्हा आखूड होते, पण आता वेगळ्या कारणाने. पानाची ही सगळी धावपळ एका नॅनोसेकंदाच्या आत-बाहेर उमटते.

नुसती चमक किती तेजस्वी आहे ते का मोजू नये? ते सोपे आहे, स्वस्त आहे, आणि शेतीसंशोधनात सर्रास करतातही. पण तेज फसवे असते. पान जाड की पातळ, सरळ की तिरके, दिवा जवळ की लांब, यावर ते बदलते. आयुष्य बदलत नाही. कमी फोटॉन आले तर मोजायला जास्त वेळ लागेल, पण उताराचा कल तोच राहील. माझ्या मते या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण हाच, पिकोसेकंदांचा नखरा त्यानंतर.

हाच गुण डॉक्टरांच्याही कामी येतो. आपल्या पेशींत एनएडीएच नावाचा रेणू असतो. मोकळा असताना तो सुमारे ०.४ नॅनोसेकंद जगतो आणि एखाद्या प्रथिनाला चिकटला की त्याच्या कितीतरी पट. कर्कपेशींचा ऊर्जेचा व्यवहार निराळा असल्याने त्यांच्यातले हे प्रमाणही बदलते. काहीही रंग न टाकता, सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्याठिपक्याला आयुष्य मोजून पेशीचे चित्र काढता येते, आणि या दिशेने जगभर काम चालू आहे.

एकेक फोटॉन टिपणारे डोळे आता प्रयोगशाळेबाहेरही आले आहेत. मिलानच्या सेर्जिओ कोव्हा यांनी १९७५ च्या सुमारास एक असे मंडल बनवले, की सिलिकॉनची चिमुकली डायोडही एकट्या फोटॉनवर ठोका देते आणि लगेच पुढच्यासाठी सज्ज होते. बऱ्याच मोबाइलच्या कॅमेऱ्याशेजारी अंतर मोजणारी जी बारीक खिडकी असते, तिच्यामागे हेच तंत्र आहे. तुम्ही फोटो काढताना तुमच्या खिशातले यंत्र प्रकाशाचा जाऊन-येऊन झालेला वेळ नॅनोसेकंदांत मोजते! २०१८ साली सोडलेला नासाचा आइससॅट-२ हा उपग्रह सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला १० हजार चमका खाली टाकतो. एका चमकेत लाखो कोटी फोटॉन निघतात, आणि परत येतात? डझनभर. त्या डझनभरांवरून बर्फाची उंची निघते. लडाखमधल्या हानले इथे भाभा अणुसंशोधन केंद्राची २१ मीटर व्यासाची मेस दुर्बीण आहे. तिच्या कॅमेऱ्यात १,०८८ फोटोमल्टिप्लायर नळ्या आहेत, आणि त्या टिपतात गॅमा किरणांमुळे हवेत उमटणारी काही नॅनोसेकंदांची निळी चमक.

घराजवळ यायचे तर औंढा नागनाथ. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोवर हे गाव परभणी जिल्ह्यातच होते. त्याच तालुक्यात दुधाळा इथे गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया उभी राहणार आहे. केंद्राने २०२३ साली तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांत लेझर, आणि गुरुत्वीय लहर आली की भुजांच्या लांबीत अणूच्या गाभ्यापेक्षाही कितीतरी लहान फरक. तिथे प्रकाश भरपूर लागतो, एकेक फोटॉन मोजायचा नसतो. तरी मर्यादा घालणारी गोष्ट तीच आहे: फोटॉन रांगेत, सारख्या अंतराने येत नाहीत. कधी दोन जास्त, कधी चार कमी. या अनियमित टपटपीमुळे सूक्ष्म लहरी झाकल्या जातात. अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांत २०१९ पासून खास 'दाबलेला' प्रकाश वापरून ही टपटप शांत केली जाते. पानातला फोटॉन मोजताना ज्या अनियमितपणाच्या जिवावर आपण आयुष्य काढले, तोच अनियमितपणा इथे वैरी ठरतो.

२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या सुमारास मुंबई-पुण्याच्या अनेक संशोधन संस्था सर्वांसाठी दारे उघडतात. परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेडच्या महाविद्यालयांत शिकत असाल तर एक गट करा आणि जा. मोठ्या दुर्बिणींच्या चित्रांपाशी गर्दी असेल, तिथे फार रेंगाळू नका. काळे पडदे लावलेली, टीसीएसपीसीची पाटी असलेली खोली विचारा. आत गेलात की पडद्यावर तो उतार पहिल्या ठिपक्यापासून तयार होताना बघा आणि यंत्र चालवणाऱ्याला दोन आकडे विचारा: लेझर सेकंदाला किती वेळा चमकतो आणि तुम्ही सेकंदाला किती फोटॉन मोजताय? मनातल्या मनात भागाकार करा. उत्तर पाच टक्क्यांच्या वर गेले, तर संकोच न करता सांगा: साहेब, उजेड कमी करा.